मदतनिधीसाठी भूतबंगला : स्वयंसेवक म्हणून जाण्याआधी हे वाचा

शाळेचा आनंदमेळावा असो की एखाद्या रुग्णाच्या उपचारांसाठी भरवलेली जत्रा, भूतबंगल्यापुढे रांग लागतेच. बांबू, काळं कापड, दोन-चार मुखवटे आणि हौशी पोरं जमली की काम सुरू होतं. खर्च कमी आणि तिकिटं भरपूर, म्हणून मदतनिधीसाठी हा प्रकार सोयीचा. पण अंधार, अरुंद वाट आणि घाबरलेली माणसं एकत्र आली की जबाबदारीही मोठी होते.

ही कल्पना आली कुठून?

इंग्लंडमध्ये १९१५ साली ऑर्टन अँड स्पूनर कंपनीने जत्रेसाठी वाफेवर चालणारं 'घोस्ट हाउस' बांधलं. ते आजही तिथल्या हॉलीकोंब संग्रहालयात आहे. १९६९ मध्ये डिस्नेलँडचं 'हाँटेड मॅन्शन' सुरू झालं. पुढे १९७०च्या दशकात अमेरिकेत जेसीज या तरुणांच्या संघटनेच्या शाखांनी गावोगावी भूतबंगले उभारून समाजकार्यासाठी पैसे जमवले. बांधणारे आणि भुतं होणारे बहुतेक स्वयंसेवकच असत.

आपल्याकडे याला सगळ्यात जवळचं काम म्हणजे गणेश मंडळांचे जिवंत देखावे. मांडव, दिवे, आवाज आणि पात्रं हे सगळं कार्यकर्तेच सांभाळतात.

स्वयंसेवक काय काम करतात?

सगळेच भूत होत नाहीत. कोणी रांग सांभाळतं, कोणी पाच-सहा जणांचे गट आत सोडतं, कोणी दिवे आणि आवाज बघतं. एक माणूस मुख्य स्विचपाशी आणि एक बाहेरच्या दारापाशी कायम हवा.

भुतांसाठी दोन नियम. पहिला, पाहुण्याला हात लावायचा नाही. दुसरा, शक्यतो मागून घाबरवायचं. मागून दचकलेला माणूस दाराकडे, म्हणजे पुढे सरकतो. समोरून घाबरवलं तर तो उलटा पळतो आणि मागच्या गटावर आदळतो.

खरा धोका कशाचा?

आगीचा. ११ मे १९८४ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सीतील सिक्स फ्लॅग्ज उद्यानात 'हाँटेड कॅसल'ला आग लागली आणि आठ किशोरवयीन मुलांचा जीव गेला. ट्रेलर एकमेकांना जोडून तो चक्रव्यूह तयार केलेला होता. लायटरची ज्योत भिंतीवरच्या फोमला लागल्याचं तपासात पुढे आलं. पाण्याचे स्वयंचलित फवारे तिथे नव्हते. त्यानंतर अमेरिकेत अशा जागांसाठी अग्निसुरक्षेचे नियम कडक झाले. आपल्याकडे २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या गेम झोनला लागलेल्या आगीत २७ जणांचा बळी गेला. त्या जागेला अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला नव्हता.

म्हणून आत मेणबत्ती, मशाल, उदबत्ती काहीही नको. फोम आणि वाळलेलं गवत टाळा. राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीला बंदी आहेच. बाहेर पडायच्या किमान दोन वाटा ठेवा. एका स्विचवर आवाज बंद आणि सगळे दिवे चालू झाले पाहिजेत.

महाबळेश्वरात उभारायचा तर?

जून ते सप्टेंबर उघड्यावर विचारच नको. एरवीही धुकं आणि दव यांनी कापड ओलं होतं, म्हणून वायरींचे जोड जमिनीपासून वर आणि झाकलेले हवेत. वाऱ्यासाठी बांबूंना पक्के ताण द्या. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तेव्हा झाडांना खिळे ठोकणं किंवा सजावटीसाठी फांद्या तोडणं नको. मांडवाची परवानगी गिरिस्थान नगरपरिषदेकडून आधीच घ्या आणि पोलिसांनाही कळवा.

जादूटोणाविरोधी कायदा आड येतो का?

डॉ. नरेंद्र दाभोलकर सातारचे. त्यांनी ज्याच्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला, तो कायदा त्यांच्या खुनानंतर २०१३ मध्ये झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, भूत बोलावण्याची धमकी देऊन घबराट पसरवणं हे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं कैद. कायद्याचा रोख छळ आणि फसवणुकीवर आहे, करमणुकीच्या खेळावर नाही. तरीही 'इथे खरंच भूत आहे' अशी जाहिरात करू नका. अंगात येणं किंवा मानसिक आजार यांची नक्कलही नको. ज्यांच्या घरात ते दुखणं आहे, त्यांच्यासाठी तो खेळ नसतो.

पैशांचं काय?

नोंदणीकृत संस्था नसेल, तर धर्मादाय कामासाठी निधी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची कलम ४१ क खाली परवानगी लागते. गणेश मंडळं घेतात तीच ही परवानगी. तिकिटांना क्रमांक द्या आणि जमाखर्च सगळ्यांना दिसेल असा लावा.

होकार देण्याआधी विचारा

- दुसरी वाट कुठे आहे?
- मुख्य स्विचपाशी कोण उभं राहणार?
- अग्निशामक नळकांडी किती, आणि ती कोणाला वापरता येतात?
- लहान मूल रडायला लागलं तर त्याला मधूनच बाहेर कोण नेणार?
- पैसे कोणाला आणि कधी मिळणार?

यातल्या एकाचंही उत्तर मिळालं नाही, तर मुखवटा बाजूला ठेवा आणि आधी त्या कामाला लागा.