बियाँड द पेल (लघुकथा)

'बियाँड द पेल' ही रुडयार्ड किपलिंग यांची इंग्रजी लघुकथा आहे. ती मुंबईत जन्मलेल्या किपलिंग यांच्या 'प्लेन टेल्स फ्रॉम द हिल्स' (१८८८) या संग्रहात आहे. शीर्षकाचा अर्थ 'मर्यादेबाहेर' असा होतो.

ट्रेजॅगो हा इंग्रज आणि सुमारे पंधरा वर्षांची हिंदू विधवा बिसेसा यांच्या गुप्त प्रेमाची ही कथा. बिसेसा त्याला वस्तूंचे पत्र पाठवते : फुटक्या काचेच्या बांगडीचा अर्धा भाग, पळसाचे फूल, चिमूटभर भुसा आणि अकरा वेलदोडे. बांगडी वैधव्य सुचवते, फूल ओढ. भुसा म्हणजे तिच्या खिडकीखालचा वैरणीचा ढीग, ज्यावर तो अडखळला होता. वेलदोड्यांची संख्या भेटीची वेळ सांगते. ट्रेजॅगो हे सारे अचूक वाचतो. मात्र या भेटींची किंमत बिसेसाला काय मोजावी लागेल, हे त्याला वाचता येत नाही.

एका इंग्रज स्त्रीशी असलेल्या त्याच्या मेलजोलाची वार्ता कळल्यावर बिसेसा त्याला पुन्हा येऊ नकोस असे बजावते. तीन आठवड्यांनी तो येतो, तेव्हा ती चांदण्यात हात पुढे करते; ते मनगटापासून तोडलेले असतात. फुटक्या बांगडीला येथे दुसरा, भीषण अर्थ लाभतो.

आपापल्या जातीत व वंशातच राहावे, असा उपदेश निवेदक आरंभीच करतो. शिक्षेची वाटणी मात्र विषम आहे. ट्रेजॅगोच्या वाट्याला जांघेतील जखम व पायातील किंचित ताठरपणा येतो. बिसेसाच्या घराचा दर्शनी दरवाजा कोठे आहे, हेही त्याला ठाऊक नसते.