परमिट रूममधली बरगंडी

लालबाग-परळच्या बारच्या पाट्यांवर अजूनही ‘परमिट रूम’ लिहिलेलं दिसतं. हा शब्द १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या काळातला. ताडी, बिअर, वाइन, स्पिरिट, सगळं त्या कायद्याने ‘दारू’ या एकाच व्याख्येत बसवलं.

फ्रान्समधल्या बरगंडीत मात्र कायद्याने द्राक्षाद्राक्षांत भेद केला. १३९५ साली तिथल्या ड्यूक फिलिपने भरघोस पिकणारे गामे द्राक्षाचे वेल उपटायला लावले. मान दिला तो नाजूक पिनो न्वारला. लाल वाइनचा रंग सालीतून येतो. पिनोची साल पातळ, म्हणून वाइन फिकी. पेल्यामागचं बोटही दिसतं. आधी वास, मग लहानसा घोट. चेरीसारखी आंबटगोड चव, तुरटपणा जेमतेम.

नाशिकच्या उन्हात पिनो पिकवणं अवघड, हे खरंच. पण मला वाटतं, मुंबईची मोठी अडचण सवयीची होती. बंदीने लपूनछपून, घाईघाईत प्यायला शिकवलं. गटागटा पिणारा वास कधी घेणार? राज्याचं वाइन धोरण आलं थेट २००१ साली. पिण्याचा परवाना मात्र त्याच जुन्या कायद्याखाली मिळतो, आणि माझ्या परवान्यावरही कारण छापलंय ते प्रकृती राखण्याचं. चवीचा त्यात उल्लेख नाही.