बंब, पातेलं आणि गीझर



गेल्या महिन्यात आमच्या परळच्या घरातला जुना गीझर गळायला लागला आणि नवा घ्यायचं ठरलं. मुलगा म्हणाला, "25 लिटरचा घेऊ, कटकट नको." सासूबाई म्हणाल्या, "कितीही मोठा घ्या, पूजेआधीच्या स्नानाचं पाणी मी गाळून पातेल्यातच तापवणार." मला तो हट्ट वाटला. पण मुंबईत गरम पाण्याची सोय कशी बदलत गेली ते पाहिलं, तेव्हा त्यांचं म्हणणं कळलं.

आपल्या शहरात 1860 साली विहार तलावाचं पाणी नळानं आलं. त्याआधी सगळा भार विहिरी आणि तलावांवर. हिराबाग धर्मशाळेमुळे आपल्या ओळखीचं असलेलं सी. पी. टँक हे नावसुद्धा कावसजी पटेल तलावाचंच. 1892 मध्ये तानसाचं पाणी आलं. 1911 साली डॉ. बेंटले यांनी मलेरियाची पाहणी करून विहिरींत डास वाढतात असं दाखवलं आणि पुढे धार्मिक विरोध असूनही अनेक विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. रोगराईच्या दृष्टीनं ते योग्यच होतं. पण विहिरीचं पाणी गाळल्यावर गळण्यातली जिवाणी कडीच्या बादलीनं त्याच विहिरीत अलगद सोडता यायची. नळाच्या पाण्याची जिवाणी परत कुठे सोडणार? तानसा तर पार शहापूर तालुक्यात!

तरी गाळणं टिकलं, कारण पाणी अजून हातानंच भरावं लागे. तांब्याचा बंब आठवा. मधे विस्तवाची नळी, भोवती पाणी, खाली राखेची जाळी, बाजूला तोटी. वखारीतून आणलेली बंबफोड झटकून, किडामुंगी पाहूनच आत सरकवायची आणि वरच्या तोंडाशी दुहेरी गळणं धरून घागर ओतायची. जेवढं पाणी उचलाल, तेवढंच तापणार. त्यामुळे पाण्याचाही हिशेब राहायचा आणि सरपणाचाही.

परळ-लालबागच्या चाळींत एका खोलीच्या संसारात बंबाला जागा कुठली? आणि धूर तरी कुठे सोडणार? तिथे शेगडी नाहीतर रॉकेलचा स्टो, त्यावर पातेलं, आणि आंघोळ खोलीतल्याच मोरीत. वीज शहरात होती. 1905 साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी निघाली; तीच 1947 मध्ये महापालिकेकडे येऊन आपली बेस्ट झाली. 1915 पासून टाटांची खोपोलीची वीज गिरण्यांना मिळू लागली. पण साच्यांना वीज आधी मिळाली, मोरीतल्या गरम पाण्याला फार उशिरा. सासूबाईंचं पातेलं त्या काळातलं आहे.

'गीझर' हे नाव मूळचं आइसलंडमधल्या उसळत्या गरम झऱ्याचं. 1868 साली लंडनच्या बेंजामिन मॉन नावाच्या रंगाऱ्यानं गॅसवर पाणी तापवणारं यंत्र बनवलं आणि त्याला हे नाव दिलं. त्या यंत्राला धुराडंच नव्हतं. लहान, बंद न्हाणीघरात गॅस जळला की विषारी कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वासही नसतो. तो धोका आजच्या गॅस गीझरलाही आहे. म्हणून आमच्या बिनखिडकीच्या न्हाणीघरात विजेचाच घ्यायचा, हे आधी पक्कं केलं.

आता विजेच्या गीझरच्या पोटात काय होतं ते पाहा. गार पाणी खालून शिरतं, गरम पाणी वरून बाहेर पडतं. टाकी कधीच रिकामी होत नाही. एक तांब्या गरम घेतलं की एक तांब्या न गाळलेलं पाणी आत येतं आणि जुन्यात मिसळतं. शिवाय उकळी यायच्या आधीच थर्मोस्टॅट वीज तोडतो. म्हणजे हे पाणी गाळलेलं नाही आणि उकळलेलंही नाही. आपल्या दिगंबर घरांत गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटका, म्हणजे 48 मिनिटं, आणि उकळलेल्याची 24 तास मानतात. श्वेतांबर मैत्रिणी उकळलेलं पाणी पावसाळ्यात 3, हिवाळ्यात 4 आणि उन्हाळ्यात 5 प्रहर धरतात. गीझरच्या पाण्याची मर्यादा मोजायची तर कोणत्या क्षणापासून? म्हणून ते चौक्यात किंवा पिण्याच्या प्रासुक पाण्याच्या जागी चालणार नाही. सासूबाईंचं बरोबर होतं.

रोजच्या आंघोळीपुरता मात्र गीझर हवाच होता. मी 15 लिटरचा घेतला. 60 अंशांचं 15 लिटर पाणी नळाच्या 25 अंशांच्या 20 लिटर पाण्यात मिसळलं की अंगाला सोसेल असं 35 लिटर होतं, म्हणजे दोन बादल्या. 2 किलोवॉटच्या गीझरला तेवढं तापवायला सुमारे 18 मिनिटं आणि 0.6 युनिट लागतं. मोठी टाकी घेऊन दिवसभर चालू ठेवली, तर न वापरलेलं पाणीही निवत आणि पुन्हा तापत राहतं. तो जीवांचा घातही विनाकारण आणि खर्चही. स्टार जास्त असलेला गीझर पाहा, कारण त्याच्या टाकीतून उष्णता कमी वाया जाते. उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर पाण्याचा दाब जास्त असतो, तेव्हा 8 बार दाब सोसणारा घ्या. अर्थिंग तपासल्याशिवाय तर बटण दाबूच नका.

आता पहाटे मी गीझर वीस मिनिटं लावते आणि बंद करते. पलीकडे ओट्यावर सासूबाईंचं गाळलेल्या पाण्याचं पातेलं असतं. मुलगा पहिले दोन दिवस कुरकुरला, आता एका बादलीत भागवतो.

तुमच्या आजीकडे बंब होता का? त्याच्या तोंडाशी गळणं कोण धरायचं, ते मला नक्की कळवा.

जय जिनेंद्र!