फारसी वाटेने आलेला इसबगोल

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या पेठांतील काष्ठौषधींच्या दुकानी हिरडा, बेहडा आणि ज्येष्ठमध यांच्या पंक्तीस जो इसबगोल निःसंकोच बसलेला आढळतो, त्याच्या कुळाचा माग काढीत गेल्यास आपण इराणी वैद्यकापाशी जाऊन पोचतो. नौकाकार, एका अंगाने खोलगट अशा त्या बीमध्ये फारसी भाषकांस घोड्याच्या कानाची आकृती दिसली व तेच तिचे नाव झाले. दहाव्या शतकातील हेरातचा वैद्य अबू मन्सूर मुवफ्फक याच्या औषधिग्रंथात तिची नोंद आहे. मलिक अंबराने १६१० मध्ये वसविलेली खडकी पुढे औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, झाली, १७६३ पर्यंत निजामाची राजधानी राहिली, आणि राजधानी हैदराबादेस गेल्यावरही १९४८ पर्यंत निजामाच्याच संस्थानाच्या अंमलाखाली असल्यामुळे, राजाश्रय लाभलेले युनानी वैद्यक आणि त्याची फारसी नावांची औषधे या नगरीत परकी राहिली नाहीत.

युनानी हकिमांनी इसबगोलास शीत व स्निग्ध मानले. मलावरोधावर ते तो पाण्यात भिजवून देत, अतिसारावर भाजून देत, मात्र बी कुटण्यास त्यांची सक्त मनाई असे. परस्परविरुद्ध दोन व्याधींवर एकच औषध देणाऱ्या त्या अनुभवी दृष्टीविषयी मला नितांत आदर वाटतो, कारण बीच्या वरच्या सालीतील द्रव्य पाणी शोषून बुळबुळीत लगदा बनते, जो कोरड्या मलास मऊ करतो आणि पातळ मलास बांधतो, हे पुढे शास्त्रानेही मान्य केले. इंग्रजी अमदानीत १८६८ च्या हिंदुस्थानच्या औषधकोशात इसबगोलास अधिकृत स्थान मिळाले. उत्तर गुजरात व राजस्थान येथे तो रब्बीचे पीक म्हणून घेतला जातो, आणि कापणीच्या सुमारास आलेला अवकाळी पाऊस त्याचा घात करतो.

इसबगोलाचा हा बुळबुळीत लगदाच आतड्यात पित्ताम्लांना धरून बाहेर नेतो. ती भरून काढण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते, म्हणून ते काहीसे उतरते, आणि जेवणानंतर साखरेचे शोषणही मंदावते. विद्राव्य तंतूच्या या हृदयोपयोगी गुणाचा उल्लेख वेष्टनावर करण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये अनुमती दिली. तथापि आतड्यातील हितकर जंतूंचे खाद्य ठरणाऱ्या ज्या पदार्थांस गिब्सन व रॉबरफ्रॉइड यांनी १९९५ मध्ये ‘प्रीबायोटिक’ ही संज्ञा दिली, त्यांत इसबगोलाचा दर्जा दुय्यम आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्याचा लगदा जंतूंना फारसा पचत नाही, आणि नेमके म्हणूनच तो अखेरपर्यंत टिकून आपले काम करतो. जंतूंची खरी तरतूद कांदा व लसूण यांतील इन्युलिन आणि तत्सम शर्करा करतात, म्हणजे मराठवाड्यातील भाकरीसोबतचा कांदा या बाबतीत इसबगोलाहून सरस ठरतो. इसबगोल घेणाऱ्याने तो पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यावा व वर आणखी पाणी घ्यावे. कोरडा गिळल्यास तो घशातच फुगून अडकण्याचा धोका असतो, आणि नित्याची इतर औषधे त्याच वेळी न घेता काही अंतराने घ्यावीत, अन्यथा त्यांचे शोषण उणावते.