पानशेतचा पूर आणि फोनमधला व्हिडिओ



मे २०१७ मध्ये नद्यांना पूर आला, पियरफाँ आणि इल-बिझारमध्ये घरांत पाणी शिरलं आणि ७ मे रोजी मॉन्ट्रियल शहरानं आणीबाणी जाहीर केली. अशा वेळी पुण्याच्या माणसाला १२ जुलै १९६१ आठवतोच. त्या दिवशी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांत घुसलं.

पुरात पाण्याचा वेग कळणं फार गरजेचं असतं. पूल कितपत टिकेल, पुढच्या वेळी बांध किती उंच हवा, हे त्यावर ठरतं. जुनं साधन म्हणजे करंट मीटर. तो पाण्यात सोडायचा आणि त्याचं चक्र किती वेगानं फिरतं ते मोजायचं. मुंबई इलाख्यात १९१६ साली सुरू झालेल्या, आज खडकवासल्याला असलेल्या जल आणि विद्युत संशोधन संस्थेत असे मीटर तपासून दिले जातात. पण झाडं, ओंडके वाहून आणणाऱ्या लोंढ्यात मीटर सोडणार कोण?

उत्तर आलं कॅमेऱ्यातून. पाण्यात बारीक कण सोडून त्यांचे लागोपाठ फोटो काढायच्या प्रयोगशाळेतल्या तंत्राला १९८४ मध्ये 'पार्टिकल इमेज व्हेलॉसिमेट्री' हे नाव मिळालं. १९९८ मध्ये फुजिता, मुस्ते आणि क्रूगर यांनी हेच तंत्र मोठ्या प्रवाहांसाठी मांडलं. इथे कण सोडावे लागत नाहीत. फेस, पाचोळा, लाटांची नक्षी पुरते. फोटोचा एक छोटा चौकोन घ्यायचा आणि पुढच्या फोटोत तो कुठे सरकला ते संगणकानं शोधायचं. सेकंदाच्या पंचविसाव्या भागात १० सेंटिमीटर सरकला, तर वेग सेकंदाला अडीच मीटर.

अशा सॉफ्टवेअरचा परवाना महाग असला की लहान नगरपालिका मागे राहते, हे माझ्या धंद्यातलं रोजचं गणित आहे. म्हणून ओपनपिव्ह, पिव्हलॅब आणि फ्रान्समध्ये नद्यांसाठीच तयार झालेलं फुदा-एलएसपिव्ह यांचं मोल मोठं आहे. त्यांचा सोर्स कोड खुला आहे. आकडा कुठून आला, हे कुणालाही तपासता येतं. पुरानंतर बांध, भरपाई, पुनर्वसन यांवर वाद होतात, तेव्हा अशा तपासता येणाऱ्या आकड्यालाच वजन असतं.

अर्जेंटिना, फ्रान्स आणि न्यूझीलंडमध्ये तर सामान्य लोकांनी काढलेल्या व्हिडिओंवरून पुराचं पाणी मोजलं गेलं. १९६१ च्या पुणेकरांच्या हातात ही सोय नव्हती. आपल्या खिशात आहे.

तेव्हा श्रोतेहो, इथे असा किंवा सुट्टीत गावी, पूर दिसला तर आधी सुरक्षित उंचीवर जा. फोन अजिबात न हलवता थोडा वेळ चित्रण करा. दोन्ही काठ आणि खांब किंवा भिंतीसारखी न हलणारी खूण चौकटीत घ्या. तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवा. ते चित्रण उद्या एखाद्या बांधाची उंची ठरवताना कामी येईल.