सार्वजनिक परिवहन व्यवस्थापन प्रमाणपत्र अभ्यासक्रम

सार्वजनिक परिवहन व्यवस्थापन प्रमाणपत्र अभ्यासक्रम हा बस, उपनगरी रेल्वे, मेट्रो यांसारख्या प्रवासी सेवांचे नियोजन, संचालन व वित्तव्यवहार यांचे शिक्षण देणारा अल्पमुदतीचा विद्यापीठीय अभ्यासक्रम होय. परिवहन उपक्रमांतील पर्यवेक्षक व अधिकारी, महानगरपालिकांचे कर्मचारी आणि या क्षेत्रात येऊ इच्छिणारे पदवीधर यांच्यासाठी तो प्रामुख्याने आखला जातो.

पार्श्वभूमी

भारतात मार्ग परिवहन महामंडळ अधिनियम, १९५० अन्वये राज्यांना परिवहन महामंडळे स्थापन करता आली. महामंडळांतील अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी केंद्रीय मार्ग परिवहन संस्था १९६७ मध्ये पुणे येथे स्थापन झाली. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या प्रवासाला प्राधान्य दिले आणि प्रशिक्षित मनुष्यबळाची गरज मांडली. अमेरिकेतील सॅन होजे राज्य विद्यापीठात परिवहन व्यवस्थापनातील पदव्युत्तर पदवीबरोबरच स्वतंत्र प्रमाणपत्र अभ्यासक्रमही उपलब्ध आहेत.

आराखडा

अभ्यासक्रमाची आखणी करताना विद्यार्थ्याला प्रत्यक्ष कोणते निर्णय घ्यावे लागतात, हे प्रथम निश्चित केले जाते. विद्यापीठात आधीपासून शिकवले जाणारे विषय केवळ एकत्र केल्यास स्थापत्य अभियांत्रिकी किंवा सामान्य व्यवस्थापनाचा भाग वाढतो आणि आगाराचे दैनंदिन कामकाज दुर्लक्षित राहते. भारतातील राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एका श्रेयांकासाठी ३० तासांचे अध्ययन गृहीत धरले जाते. त्यामुळे १२ श्रेयांकांच्या अभ्यासक्रमास ३६० तास लागतात. पाळीत काम करणाऱ्यांसाठी हे तास ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने आणि मोजक्या प्रत्यक्ष सत्रांत विभागता येतात.

अभ्यासघटक

सेवा नियोजन व वेळापत्रक: हा अभ्यासक्रमाचा गाभा मानला जातो. एखाद्या मार्गावर जाऊन-येऊन ८० मिनिटे लागत असतील आणि १० मिनिटे थांबा ठेवला, तर एका फेरीचा काळ ९० मिनिटे होतो. दर १० मिनिटांनी बस सोडण्यासाठी ९ गाड्या लागतात. कोंडीमुळे प्रवासाचा काळ १०० मिनिटांवर गेल्यास तीच वारंवारता राखण्यास ११ गाड्या लागतात. ताफा न वाढवल्यास दोन गाड्यांमधील अंतर सुमारे १२ मिनिटे होते. म्हणजेच स्वतंत्र बसमार्गिकेमुळे फेरीचा वेळ वाचणे हे नवीन गाड्या मिळण्यासारखेच असते.

कर्मचारी व्यवस्थापन: चालक-वाहकांच्या पाळ्या, विश्रांती व सुरक्षितता यांचा यात समावेश होतो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ नुसार प्रौढ कामगारांसाठी सर्वसाधारणपणे दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. कामाच्या तासांवरील अशा मर्यादांमुळे कागदावर शक्य दिसणारे प्रत्येक वेळापत्रक अमलात आणता येत नाही.

वित्त: प्रतिकिलोमीटर खर्च व उत्पन्न, भारमान, प्रवासी नसताना आगार ते मार्ग असे धावलेले किलोमीटर, भाडेनिश्चिती आणि शासकीय अनुदान हे विषय शिकवले जातात. केवळ उत्पन्नाच्या निकषावर फेऱ्या बंद केल्यास विद्यार्थी, रुग्ण व लहान गावांतील प्रवासी यांचा एकमेव पर्याय नाहीसा होऊ शकतो. म्हणून सामाजिक दायित्व व तोटा यांचा स्वतंत्र हिशेब मांडण्यास शिकवणे आवश्यक ठरते.

सुगम्यता: दिव्यांग व्यक्तींचे अधिकार अधिनियम, २०१६ मधील परिवहनविषयक तरतुदी, थांब्यांची रचना आणि प्रवासी माहिती यांचा अभ्यास केला जातो.

मूल्यमापन

लेखी परीक्षेबरोबर क्षेत्रप्रकल्प घेतला जातो. विद्यार्थी एका मार्गावर प्रत्यक्ष प्रवास करून चढ-उतार करणाऱ्या प्रवाशांची गणना करतो, फेरीचा वेळ नोंदवतो आणि उपलब्ध गाड्यांतच सुधारित वेळापत्रक सुचवतो. अशा प्रकल्पासाठी परिवहन उपक्रमाशी माहितीच्या देवाणघेवाणीचा करार असणे उपयुक्त ठरते.

मर्यादा

उपक्रमांच्या बढती नियमांत प्रमाणपत्राला स्थान नसल्यास कार्यरत कर्मचाऱ्यांना प्रवेशासाठी पुरेसे प्रोत्साहन मिळत नाही. तसेच मार्गांचे परवाने, रस्त्यांची मालकी आणि अनुदान यांचे निर्णय वेगवेगळ्या यंत्रणांकडे असतात. त्यामुळे प्रशिक्षित व्यवस्थापकाचे अधिकारही मर्यादित राहतात.