स्त्रीबीज गप्प नव्हतं: एका मेंढीची आणि एका शब्दाची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आज एका शब्दापासून सुरुवात करते. वांझ.

आमच्या लाखनीकडच्या गावात माझ्या मोठ्या आईला हा शब्द तीस वर्षं ऐकावा लागला. बारशाला, हळदीकुंकवाला, अगदी धानाच्या रोवणीतसुद्धा. तिची तपासणी धड झाली नाही, मोठ्या बाबांची तर झालीच नाही. आणि त्याच घरात बकरीला दोन पिल्लं झाली की सगळे म्हणायचे, "जात चांगली आहे." म्हणजे बकरीला झालं तर जात, बाईला नाही झालं तर दोष! मी सॉफ्टवेअरवाली, डॉक्टर नाही. पण हा फरक डोक्यातून जाईना, म्हणून वाचत गेले.

आधी थोडं मागे जाऊ. १६७२ मध्ये डच डॉक्टर रेनिअर द ग्राफ यांनी अंडाशयातल्या पाण्याच्या फोडांसारख्या पिशव्यांचं वर्णन केलं. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॉलिकल' लिहिलेलं असतं ना, त्याच या. त्यांना वाटलं, हेच स्त्रीबीज. खरं स्त्रीबीज त्या पिशवीच्या आत असतं, हे १८२७ मध्ये कार्ल फॉन बेअर यांनी दाखवलं.

त्यानंतर कितीतरी वर्षं समज असा होता की हुकूम मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा, काम फॉलिकलचं, आणि स्त्रीबीज आपलं आत बसलेलं प्रवासी. आयतं खाणारं.

१९७० मध्ये सशांवर एक प्रयोग झाला. फॉलिकलमधून फक्त स्त्रीबीज काढून घेतलं. पिट्युटरीचा हुकूम आलेला नसतानाही उरलेल्या पेशींचं वागणं बदललं. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर जे व्हायचं, ते आधीच सुरू झालं. म्हणजे हे प्रवासी आतून काहीतरी सांगत होतं, पेशींना थोपवून धरत होतं. पण कशाने?

उत्तराचा मोठा तुकडा १९९६ मध्ये अमेरिकेत, ह्यूस्टनला सापडला. जीडीएफ-९ नावाचं प्रथिन स्त्रीबीज स्वतः बनवतं आणि भोवतीच्या पेशींकडे पाठवतं. अशा प्रथिनांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. ज्या उंदरांच्या माद्यांमध्ये त्याचं जनुक बंद केलं, त्यांची फॉलिकल्स अगदी सुरुवातीच्या पायरीवरच अडकली आणि त्यांना पिल्लं झालीच नाहीत. आमच्या भाषेत सांगायचं तर, ज्याला आपण क्लायंट समजत होतो तो सर्व्हर निघाला.

आता मेंढी. ऑस्ट्रेलियात बुरूला नावाच्या एका फार्मवरच्या मेरिनो मेंढ्या एका वेळी दोन, तीन, कधी त्याहून जास्त कोकरं द्यायच्या. १९८० च्या दशकात कळलं की यामागे एकच जनुक आहे. २००१ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी तो बदल शोधला. तो होता फॉलिकलच्या पेशींवरच्या एका ग्राहक प्रथिनात. असले निरोप ऐकणारा तो जणू कान. कान बदलला, त्यामुळे फॉलिकल्स लहान असतानाच तयार होतात आणि एका वेळी अनेक बीजं सुटतात.

आणि हा बदल मुळात कुठला? आपल्याकडचा! अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून बंगाली मेंढ्या जहाजातून सिडनीला गेल्या होत्या. सुंदरबनातल्या बुटक्या गरोल मेंढीत तोच बदल आजही आहे.

इथे आपला महाराष्ट्र येतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात गरोल मेंढ्या आणल्या आणि आपल्या दख्खनी मेंढीशी त्यांचा संकर सुरू केला. दख्खनी मेंढी बहुतेक वेळा एकच कोकरू देते. डॉ. चंदा निंबकर यांनी हे काम पुढे नेलं. कोणत्या मेंढीत जनुक आहे हे डीएनए चाचणीने ओळखायला पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची मदत झाली. त्यातून 'नारी सुवर्णा' ही मेंढी उभी राहिली. हेतू साधा होता: धनगराला दोन कोकरं मिळावीत. चार नकोत, कारण आईचं दूध पुरत नाही.

'जास्त म्हणजे चांगलं' हा हिशोब इथे चालतच नाही. न्यूझीलंडच्या इन्व्हरडेल मेंढ्यांत बीएमपी-१५ या स्त्रीबीजाच्याच दुसऱ्या निरोपात बिघाड आहे, हे २००० मध्ये कळलं. जनुकाची एक प्रत बिघडली तर जुळी वाढतात. दोन्ही बिघडल्या तर मेंढीला पिल्लू होतच नाही. जनुक तेच, पण एक बहीण जुळ्यांची आई आणि दुसरी 'वांझ'. सांगा, यात गुण कुणाचा आणि दोष कुणाचा?

माणसांतही धागा सापडला. २००४ मध्ये इटलीतल्या दोन बहिणींमध्ये, ज्यांचं अंडाशय नीट काम करत नव्हतं, याच बीएमपी-१५ मध्ये बदल आढळला. लगेच याची चाचणी करायला धावा, असं मी म्हणत नाहीये. मूल न होण्याची कारणं ढीगभर असतात आणि त्यातली बरीच पुरुषाकडचीही असतात.

मागे फोनवर हे सगळं मोठ्या आईला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मेंढीचं तरी तपासलं लोकायनं. बरं झालं."

यावर मला काही बोलता आलं नाही.

तुमच्या घरात कुणाला हा शब्द चिकटवला असेल, तर हा भाग फॅमिली ग्रुपवर टाका. आणि तपासणीची वेळ आलीच, तर दोघांची करा. भेटू पुढच्या भागात!